विलो वॉर्ब्लर आणि चिफचॅफ : दोन जातींच्या ओळखीचा इतिहास

यूरोपात व लगतच्या आशियाई प्रदेशात उन्हाळ्यात वीण करणारे हे पिवळसर हिरव्या रंगाचे दोन लहान गायक पक्षी होत. दोघांचाही समावेश पर्ण वटवट्यांच्या फायलोस्कोपस या वंशात होतो. विलो वॉर्ब्लरचे शास्त्रीय नाव फायलोस्कोपस ट्रॉकिलस व चिफचॅफचे फायलोस्कोपस कॉलिबिटा असे आहे. पूर्वी हा वंश सिल्व्हिइडी या मोठ्या कुलात घालीत; आता त्याचे फायलोस्कोपिडी हे स्वतंत्र कुल मानतात. हे दोन पक्षी दिसण्यात इतके सारखे आहेत की, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नामांकित पक्षिशास्त्रज्ञांनीही त्यांची एकाच नावाखाली गणना केली. त्यांच्यातील भेद स्पष्टपणे मांडला गेला तो मुख्यतः आवाजाच्या आधारे. रंग, वजन व पिसांची रचना यांचा पुरावा त्यामागून आला. एका लहानशा पक्ष्याच्या ओळखीचा हा प्रश्न पुढे ‘जाती कशाला म्हणावे’ या जीवविज्ञानातील मूलभूत प्रश्नाशी जाऊन भिडला, म्हणून त्याचा इतिहास लक्षणीय आहे.

वर्णन : दोन्ही पक्षी चिमणीपेक्षा बरेच लहान असून त्यांची लांबी १० ते १२ सेंमी. व वजन साधारणपणे ७ ते १० ग्रॅ. असते. वरची बाजू हिरवट तपकिरी, खालची बाजू पिवळट पांढरी आणि डोळ्यावर फिकट पट्टा अशी दोघांचीही सामान्य ठेवण आहे. नर व मादी सारखीच दिसतात. विलो वॉर्ब्लर किंचित मोठा व सडपातळ असतो. त्याचा पिवळा रंग अधिक स्वच्छ, डोळ्यावरचा पट्टा अधिक ठळक व पाय बहुधा फिकट तपकिरी असतात. शरद ऋतूत त्याची पिले खालच्या बाजूने चांगलीच पिवळी दिसतात. चिफचॅफ मळकट रंगाचा, गोलसर बांध्याचा व बहुधा काळ्या पायांचा असतो. पानांतून किडे टिपीत असताना तो शेपटी वारंवार खाली झुकवितो. विलो वॉर्ब्लरमध्ये ही सवय तितकी दिसत नाही. दोघांचीही घरटी घुमटाकार असतात. विलो वॉर्ब्लर ती जमिनीवर गवतात लपवितो, तर चिफचॅफ बहुधा जमिनीपासून थोड्या उंचीवर, झुडपात बांधतो. विलो वॉर्ब्लरला खुरटी झाडी व कोवळी बर्चवने मानवतात. चिफचॅफला उंच वृक्ष व त्यांखालील दाट झुडपे लागतात.

वर सांगितलेले सर्व फरक कमीअधिक प्रमाणाचे आहेत. आवाजाचे तसे नाही. विलो वॉर्ब्लरचे गाणे वरच्या पट्टीत सुरू होऊन हळूहळू खाली उतरत जाणारी गोड स्वरमालिका असते. चिफचॅफ दोनच सूर आलटूनपालटून, खंड न पाडता उच्चारतो. इंग्रजीत चिफचॅफ, जर्मनमध्ये झिल्पझाल्प आणि डचमध्ये त्याच धर्तीचे ट्यिफट्याफ ही त्याची नावे या दोन सुरांवरूनच पडली आहेत. महाराष्ट्रात पावशाच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ असे शब्द ऐकू येतात, तसाच हा प्रकार होय. आवाजावरून पक्षी ओळखण्याची रीत लोकव्यवहारात पुरातन असली, तरी शास्त्राने तिला प्रमाण मानण्यास बराच काळ लागला.

प्रारंभीचे वर्गीकरण : इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या पद्धतशीर वर्गीकरणाचा पाया फ्रान्सिस विलबी (१६३५–७२) व जॉन रे (१६२७–१७०५) यांनी घातला. विलबी यांच्या निधनानंतर रे यांनी सिद्ध केलेला पक्षिविषयक ग्रंथ १६७६ मध्ये लॅटिनमध्ये व १६७८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. रे यांनी या गटातील एका पक्ष्याचे वर्णन ‘तुरा नसलेला रेग्युलस’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने केले आणि त्याच्या आवाजाला टोळाच्या किरकिरीची उपमा दिली. मात्र या वर्णनाच्या जवळपास बसणारे एकाहून अधिक पक्षी असतील, अशी शंका त्यांनी घेतली नाही. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत मोटॅसिला ट्रॉकिलस हे नाव दिले. हाच आजचा विलो वॉर्ब्लर. लिनीअस यांच्या पद्धतीत चोच, पाय, पिसे अशा दृश्य व मोजता येण्याजोग्या लक्षणांवर भर होता. कातडे सुकवून ठेवलेल्या नमुन्यात ही लक्षणे टिकतात. आवाज टिकत नाही. त्यामुळे संग्रहातील नमुन्यांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला या दोन पक्ष्यांतील सर्वांत ठळक भेद जाणवण्याचा संभवच नव्हता.

गिल्बर्ट व्हाइट यांचे कार्य : हा भेद स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील हँपशर परगण्यातील सेल्बर्न या खेड्यात राहणारे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–९३) यांना दिले जाते. त्यांचे शिक्षण ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात झाले होते. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी सेल्बर्नमध्येच व्यतीत केला. १७५१ पासून ते बागेच्या कामाची नोंदवही ठेवीत. १७६८ पासून त्यांनी हवामान, वनस्पती, पक्षी व कीटक यांच्या नोंदींसाठी स्वतंत्र दैनंदिनी सुरू केली व ती अखेरपर्यंत चालविली. टॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन या समकालीन अभ्यासकांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून ‘नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेल्बर्न’ हा ग्रंथ तयार झाला. तो १७८८ च्या अखेरीस प्रकाशित झाला. त्यावर १७८९ हे वर्ष छापलेले आहे.

पेनंट यांना १८ एप्रिल १७६८ रोजी लिहिलेल्या पत्रात व्हाइट यांनी ‘विलो रेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या तीन जाती असाव्यात, असे मत मांडले. त्यांपैकी दोन त्यांच्या पूर्ण परिचयाच्या होत्या. एकीचा आवाज प्रसन्न व ओघवता, तर दुसरीचा मोठा व कर्कश असून हा फरक नित्य आढळतो, असे त्यांनी नमूद केले. गाणाऱ्या पक्ष्याचे वजन अडीच ड्रॅम, तर दोनसुरी पक्ष्याचे दोन ड्रॅम भरले. पहिल्याचे पाय मांसवर्णी, दुसऱ्याचे काळे होते. दोनसुरी पक्षी मार्चच्या मध्यास ऐकू येऊ लागतो व ऑगस्टअखेरपर्यंत ऐकू येतो, हेही त्यांनी आपल्या नोंदींच्या आधारे सांगितले. त्याच वर्षी १७ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी तिसऱ्या जातीचा नमुना मिळाल्याचे कळविले. हा पक्षी तिघांत मोठा व सर्वांत पिवळा असून, बीचच्या उंच वनांत झाडांच्या शेंड्यांवर राहतो व टोळासारखा आवाज काढताना पंख थरथरवितो, असे वर्णन त्यांनी दिले. रे यांनी वर्णिलेला पक्षी हाच असावा, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. आज तो वुड वॉर्ब्लर (फायलोस्कोपस सिबिलॅट्रिक्स) या नावाने ओळखला जातो. उरलेल्या दोहोंपैकी गाणारा पक्षी म्हणजे विलो वॉर्ब्लर व दोनसुरी पक्षी म्हणजे चिफचॅफ होय.

व्हाइट यांची मापे तपासून पाहण्याजोगी आहेत. ड्रॅम हे औषधी वजनांतील माप (सु. ३·९ ग्रॅ.) धरल्यास अडीच ड्रॅम म्हणजे सु. ९·७ ग्रॅ. व दोन ड्रॅम म्हणजे सु. ७·८ ग्रॅ. होतात. ही वजने आजच्या मोजमापांशी चांगली जुळतात. याउलट, दोन पक्ष्यांच्या लांबीत त्यांनी पाऊण इंचाचा (सु. १९ मिमी.) फरक दाखविला आहे, तो आजच्या मापांच्या मानाने अधिक आहे. मेलेल्या लहान पक्ष्याची लांबी त्याला किती ताणले यावर अवलंबून असल्याने असा फेर पडणे स्वाभाविक आहे. व्हाइट यांचा निष्कर्ष मात्र एका मापावर उभा नव्हता. आवाज, वजन, पायांचा रंग, आगमनाचा काळ व वसतिस्थान ही परस्परांवर अवलंबून नसलेली लक्षणे प्रत्येक वेळी एकत्रच आढळतात, हे त्यांच्या प्रतिपादनाचे खरे बळ होते. प्रथम आवाज ऐकावा, नंतर त्याच पक्ष्याचा नमुना मिळवून तो पारखावा, हा त्यांचा क्रम होता. एकाच गावात वर्षानुवर्षे राहून रोज नोंद ठेवणाऱ्या माणसालाच तो साधण्यासारखा होता. दुर्बिणींचा प्रसार होण्यापूर्वीचा हा काळ होता, हेही लक्षात घ्यावयास हवे. लोलकयुक्त सुटसुटीत दुर्बिणी १८९४ पासून बाजारात येऊ लागल्या.

नामकरण : व्हाइट यांनी या जातींना शास्त्रीय नावे दिली नाहीत. चिफचॅफचे आज मान्य असलेले नाव फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ लुई व्ह्येयो यांनी १८१७ मध्ये दिले. कॉलिबिटा हा शब्द सराफ किंवा नाणी बदलून देणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. पक्ष्याच्या दोन सुरांत नाणी मोजतानाचा खणखणाट भासतो, अशी त्यामागील कल्पना आहे. ज्या लक्षणामुळे हा पक्षी वेगळा ठरला, तेच अशा रीतीने त्याच्या नावात कायम झाले. फायलोस्कोपस हा वंश जर्मन निसर्गवैज्ञानिक फ्रीड्रिख बोये यांनी १८२६ मध्ये प्रस्थापित केला. पाने न्याहाळणारा असा त्याचा अर्थ आहे.

पंखसूत्र : एकोणिसाव्या शतकात संग्रहालयांतील नमुन्यांची संख्या वाढली, तसा मूक नमुना ओळखण्याचा उपायही सापडला. पंखातील लांब, म्हणजे प्राथमिक पिसांची परस्पर लांबी आणि त्यांच्या कडांची घडण यांवरून जाती ठरविण्याच्या या पद्धतीला पंखसूत्र म्हणतात. बाहेरून मोजता विलो वॉर्ब्लरच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पिसांची बाहेरची कड टोकाकडे एकदम निमुळती होते. चिफचॅफमध्ये सहावे पीसही तसेच असते. शिवाय विलो वॉर्ब्लरचा पंख लांब व टोकदार, तर चिफचॅफचा आखूड व गोलसर असतो. या फरकाचा संबंध स्थलांतराशी आहे. चिफचॅफ हिवाळ्यात बहुधा भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात व पश्चिम आफ्रिकेच्या काही भागात जातो, काही पक्षी पश्चिम यूरोपातच राहतात. म्हणूनच तो मार्चमध्ये लवकर परततो. विलो वॉर्ब्लर सहारा ओलांडून मध्य व दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो आणि यूरोपात बहुतांशी एप्रिलमध्ये पोहोचतो. पूर्व सायबीरियात वीण करणारे विलो वॉर्ब्लर तर १२,००० किमी.हून अधिक अंतर काटून आफ्रिकेत येतात. लांब पल्ल्याच्या उड्डाणास टोकदार पंख सोयीचा ठरतो. व्हाइट यांनी नोंदलेला आगमनकाळातील फरक आणि संग्रहालयात आढळलेला पंखातील फरक या एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत.

भारताशी संबंध : व्हाइट यांच्या ग्रंथाची एक सटीप आवृत्ती १८३६ मध्ये एडवर्ड ब्लाइथ (१८१०–७३) या तरुण अभ्यासकाने संपादित केली. तेच ब्लाइथ १८४१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून भारतात आले. १८४३ मध्ये त्यांनी तेथे हिवाळ्यात मिळणाऱ्या एका मळकट पर्ण वटवट्याचे ट्रिस्टिस (उदास) या नावाने वर्णन केले. हा सायबीरियातून उत्तर भारतात येणारा चिफचॅफ होय. त्याच्या अंगावर पिवळा रंग जवळजवळ नसतो व त्याचे गाणे पश्चिम यूरोपातील चिफचॅफहून भिन्न असते. त्यामुळे तो उपजाती की स्वतंत्र जाती, याविषयी मतभेद आहेत. भारतात काम करणारे अभियंता विल्यम एडविन ब्रुक्स यांनी १८७० नंतरच्या दशकात पर्ण वटवट्यांचा विशेष अभ्यास करून अनेक नव्या जातींची वर्णने केली. चिफचॅफचा निकटचा आप्त असलेला सिंधियानस हा पक्षी त्यांनी १८८० मध्ये सिंधमधील नमुन्यांवरून वर्णिला. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये लिहिलेल्या फायलोस्कोपस वंशाच्या सविस्तर समालोचनात या सर्व सामग्रीचा परामर्श घेतला आहे.

भारतात हिवाळी पाहुणा म्हणून सर्वत्र आढळणारा हिरवट पर्ण वटवट्या (फायलोस्कोपस ट्रॉकिलॉइडीस) याचे नाव स्वीडिश वैज्ञानिक कार्ल सुंदेव्हाल यांनी १८३७ मध्ये दिले. ‘ट्रॉकिलससारखा’, म्हणजे विलो वॉर्ब्लरसारखा, असा त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात हा पक्षी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बागांतून व आमराईतूनही दिसतो. पंखावरील फिकट आडवी रेघ व त्याची दोन अवयवांची तीक्ष्ण हाक ही त्याची खूण होय. खालून पिवळा दिसणारा टिकेलचा पर्ण वटवट्या झुडपांत वावरतो व तुटक, एकसुरी हाक देतो. त्याच्याशी साम्य असलेला, परंतु मळकट पिवळा, गंधकी पोटाचा पर्ण वटवट्या खडकांवर व झाडांच्या खोडांवर सरपटत भक्ष्य शोधतो. पाने हलत असताना रंगाची छटा पारखणे कठीण असल्याने येथेही आवाज व वावरण्याची रीत हीच विश्वसनीय साधने ठरतात.

विसाव्या शतकातील संशोधन : ब्रिटनमध्ये १९०९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित वलये घालण्याचे कार्य सुरू झाले. १९५० नंतर बारीक धाग्यांच्या जाळ्यांचा वापर वाढला व जिवंत पक्षी हातात घेऊन, पंखसूत्र तपासून सोडून देणे शक्य झाले. केनेथ विल्यमसन यांनी १९६२ मध्ये वलये घालणाऱ्यांसाठी या वंशाची ओळखपुस्तिका सिद्ध केली. त्याच सुमारास ध्वनिलेखनाची उपकरणे उपलब्ध झाली. त्यांमुळे गाण्याचा आलेख काढून तो नमुन्याप्रमाणे जपून ठेवणे व तुलनेसाठी वापरणे सुकर झाले. आवाज टिकत नाही ही जुनी अडचण दूर झाली. स्पेन व पोर्तुगाल येथील चिफचॅफचे गाणे वेगळे असल्याचे अभ्यासकांना ज्ञात होते. १९९६ मध्ये आंद्रेआस हेल्बिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाण्याच्या तुलनेला जननिक पुराव्याची जोड देऊन तो पक्षी (फायलोस्कोपस इबेरिकस) तसेच कॅनरी बेटांवरील चिफचॅफ यांना स्वतंत्र जाती मानावे, असे प्रतिपादन केले व ते पुढे सर्वसाधारणपणे मान्य झाले.

आवाजाला इतके महत्त्व का, याचे उत्तर पक्ष्यांच्या वर्तनात आहे. नर गाण्याने आपले क्षेत्र जाहीर करतो व मादी गाण्यावरून स्वजातीचा नर ओळखते. दिसण्यात सारख्या असलेल्या दोन जातींचा संकर टळण्यास गाणे हा मोठा अडसर ठरतो. हिरवट पर्ण वटवट्याच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट होते. तिबेटच्या पठाराभोवती त्याच्या लोकसंख्या कड्याप्रमाणे पसरल्या असून त्यांची गाणी क्रमाक्रमाने बदलत जातात. कड्याची पश्चिम व पूर्व टोके मध्य सायबीरियात एकत्र येतात, तेथे दोहोंची गाणी इतकी भिन्न असतात की, ते पक्षी सहसा परस्परांत वीण करीत नाहीत. डॅरन अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. २०१४ मधील जीनोम-अभ्यासाने या साखळीत पूर्वी खंडही पडले असावेत, असे दाखविले.

तथापि गाणे हेही निरपवाद लक्षण नव्हे. विलो वॉर्ब्लरच्या गाण्यात चिफचॅफचे सूर मिसळणारे नर अधूनमधून आढळतात. काही विलो वॉर्ब्लरचे पाय गडद, तर काही चिफचॅफचे फिकट असतात. पक्षी मौन असताना, विशेषतः शरद ऋतूत, पंखांची लांबी, शेपटीची हालचाल व हाक यांचा एकत्रित विचार करावा लागतो. एका खुणेवर विसंबून निर्णय न देणे हे व्हाइट यांच्या पद्धतीचे सार आजही लागू पडते.

व्यावहारिक महत्त्व : या दोन जाती वेगळ्या ओळखण्याचे महत्त्व पक्ष्यांच्या गणनेत प्रकर्षाने दिसून येते. ब्रिटनमध्ये १९६२ पासून सामान्य पक्ष्यांची वार्षिक गणना होऊ लागली. तिच्या जागी १९९४ मध्ये वीण करणाऱ्या पक्ष्यांची अधिक व्यापक पाहणी सुरू झाली. या गणनांत गाणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदींचा मोठा वाटा असतो. दक्षिण व पूर्व इंग्लंडमध्ये विलो वॉर्ब्लरची संख्या १९८० नंतरच्या काळात झपाट्याने घटली, तर स्कॉटलंडमध्ये ती टिकून राहिली. याच काळात चिफचॅफची संख्या मात्र वाढत गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पक्ष्यांच्या मूल्यांकनात विलो वॉर्ब्लर चिंतेच्या मधल्या, म्हणजे पिवळसर नारिंगी सूचीत, तर चिफचॅफ सुरक्षित मानल्या जाणाऱ्या हिरव्या सूचीत आहे. दोघांना एकच मानले असते, तर एकाच्या वाढीने दुसऱ्याची घट झाकली गेली असती व संरक्षणाची गरज कोणाच्या ध्यानी आली नसती. दोन्ही जातींची वसतिस्थाने व हिवाळी मुक्कामाचे प्रदेश भिन्न असल्याने त्यांच्या घटीची वा वाढीची कारणेही वेगवेगळी शोधावी लागतात. असा शोध सुरू होतो तो गाण्याची अचूक नोंद करणाऱ्या निरीक्षकाच्या वहीतूनच.